स्प्रिंगचा पाटा वाढवून टन वाढत नाही, राव!

"1.7 टनाची पिकअप हाय, काय होतंय?" पिकअपवर राहायची केबिन बांधून कॅम्पर करणाऱ्यांकडनं हे ऐकलं की डोकं सटकतं. अरे बाबांनो, हौद्यात बसेल ते सगळं 1.7 टनात धरायचं असतं! कॅम्परची केबिनसुद्धा मालच आहे. जीआय पाइपचा सांगाडा, पत्रा, 18 एमएमचा प्लाय (एक 8 बाय 4 शीट 35 किलोच्या आसपास) मिळून केबिन 1,100 किलोची झाली, तर उरले 600. 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो, दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या 120 च्या घरात, चार माणसं 280. झाले की 600! सिलेंडर, फ्रीज, अंथरुणं आणि मटणाचं पातेलं अजून खालीच आहे.

त्यात ग्रॅनाइटचा ओटा पाहिजे. चौरस फुटाला साडेचार किलो दगड! गाडीत! स्वयंपाकघर काय कायमचं बांधायला निघालाय?

आणि पाण्याची टाकी हमखास पार मागच्या टोकाला. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) 3 मीटर आणि टाकी मागच्या ॲक्सलच्या 1 मीटर मागं असली, तर 200 किलोच्या टाकीचा मागच्या ॲक्सलवर 267 किलो भार येतो आणि पुढची चाकं 67 किलोनं हलकी होतात. मग म्हणायचं, "स्टेअरिंग तरंगल्यागत वाटतंय." वाटणारच की!

यावर सगळ्यांचा एकच जालीम उपाय, कमानीत (लीफ स्प्रिंगमध्ये) दोन पाटे वाढवा. पाट्यानं गाडी बसायची थांबते, एवढंच. ॲक्सलचं हाउसिंग, हब बेअरिंग, ड्रम, टायर सगळं जुनंच. उलट, ज्या गाडीत एलएसपीव्ही (भार बघून ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह) आहे तिथं घोटाळा वाढतो. हा व्हॉल्व्ह चासी आणि ॲक्सलमधलं अंतर बघून मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवतो. पाट्यांनी चासी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचं प्रेशर कमी करतो. सगळा ताण पुढच्या ब्रेकवर. मग गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरताना जाळ अन् धूर संगटच! ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे तर कुणाच्या गावीच नसतं.

"2018 ला सरकारनं वजन वाढवून दिलंय की." होय, चार टायरच्या सिंगल ॲक्सलची मर्यादा 10.2 वरून 11.5 टन झाली. ती मोठ्या ट्रकची. तुमच्या पिकअपचा आकडा तुमच्या आरसीवर आहे, तो वाचा. जादा भरलं तर 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि माल उतरवायचा खर्चही आपल्याच बोकांडी.

उसाच्या काट्यात मारलं म्हणून रस्ता अडवणारी माणसं आपण, पण स्वतःच्या गाडीचा काटा करायला जीव जातो. टाकी भरा, डिझेल फुल्ल करा, माणसं बसवा आणि काट्यावर जावा. आधी अख्खी गाडी, मग नुसती मागची चाकं. पहिला आकडा आरसीवरच्या भरल्या गाडीच्या वजनाशी ताडा. दुसरा गाडीच्या पुस्तिकेतल्या मागच्या ॲक्सलच्या मर्यादेशी आणि टायरच्या लोड इंडेक्सशी (टायरवर लिहिलेला भाराचा कोड). 112 लिहिलं असेल तर एका टायरला 1,120 किलो, बास. आकडा वर गेला, तर पाटेवाल्याकडं पळू नका. आधी तो ग्रॅनाइट उचकटा.