सीझन तीन आणि निवलेला रस्सा

नाशिकमध्ये रविवारी सकाळी मिसळ खायला गंगापूर रोडच्या पुढे मळ्याकडे जायचं आणि मिसळीबरोबर पापड घ्यायचा, हे बाहेरगावच्यांनाही ठाऊक असतं. आमच्या टेबलावर त्यासोबत 'टेड लासो' (फुटबॉल न कळणारा अमेरिकन टेड इंग्लंडच्या रिचमंड क्लबचा कोच होतो, ती ॲपल टीव्हीची मालिका) घसरला की नाही हा वादही येतो. पापडाचे वेगळे पैसे पडत नाहीत. वादाचे पडतात, कारण तो मिटेपर्यंत चहाच्या दोन फेऱ्या होतात आणि बिल गप्प बसलेल्या माणसापुढे सरकतं. गप्प मीच असतो.

सुरुवात ठरलेली. "पहिल्या सीझनची सर नाही राव," असं एकजण म्हणतो. "तुला तिसरा कळलाच नाही," दुसरा. ज्याने दुसऱ्या सीझनच्या मध्यावरच मालिका सोडली, तो दोघांच्याही वरच्या पट्टीत बोलतो. मग एमी, म्हणजे टीव्हीचे अमेरिकन पुरस्कार, निघतात. २०२१ आणि २०२२, लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम विनोदी मालिकेचा एमी 'टेड लासो'ला मिळाला. तिसऱ्या सीझनच्या वेळी तो 'द बेअर' या मालिकेने नेला. एका गटाला हा घसरणीचा पुरावा वाटतो, दुसऱ्याला परीक्षकांना अक्कल नसल्याचा. आधीची दोन वर्षं ती होती, असं धरून चालायचं.

तेवढ्यात कुणीतरी नवखा विचारतो, "ऑफसाइड म्हणजे नक्की काय?" पहिल्या सीझनमध्ये खुद्द टेडलाही ते कळत नाही, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण इथून माझ्या ताटावरचा माझा हक्क संपतो. लिंबाची फोड गोलकीपर, कांद्याच्या दोन फोडी बचावपटू, शेवेची काडी फॉरवर्ड. काडी समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात हवी. पास सुटला त्या क्षणी ती चेंडूच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या बचाव करणाऱ्याच्याही पुढे असली की ऑफसाइड. शेवटचा बहुतेक वेळा गोलकीपरच असतो, म्हणून लिंबू मोजायचं. चुकतं ते एकाच जागी: माणसं पास पोचतो तो क्षण बघतात, सुटतो तो नाही. हे दुसऱ्यांदा मांडायला घ्यावं, तर कुणीतरी गोलकीपर रश्श्यात पिळून मोकळा झालेला असतो.

आता मुद्द्याचं. हा वाद भावनेने सुटत नाही, घड्याळाने सुटतो. मोबाइल काढा, भागांची यादी उघडा आणि प्रत्येक भागासमोरची मिनिटं वाचा. पहिल्या सीझनमध्ये दहा भाग, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचा. तिसऱ्यात बारा. त्यातला पहिलाच पाऊण तासाच्या आसपास, ॲमस्टरडॅमचा भाग तासाला टेकलेला, शेवटचा सव्वा तासाच्या घरात. टीव्हीवर जाहिराती धरून अर्ध्या तासाचा गाळा असला की एडिटर निम्मा प्रसंग कापतो आणि उरलेला निम्मा पळतो. स्ट्रीमिंगवर गाळाच नाही, मग कात्री कशाला हातात घ्यायची?

कात्री न चालवल्याने प्रसंग नुसते लांबत नाहीत, नको ते येतात आणि हवे ते जातात. झावा नावाचा महान स्ट्रायकर वाजतगाजत संघात आला, गोल केले आणि ॲव्होकाडोची शेती करायला निघून गेला. (द्राक्षाच्या गावात यावर हसू जरा जास्तच येतं.) क्लबचं मार्केटिंग बघणाऱ्या कीलीला स्वतःची पीआर कंपनी काढून दिली, तिथे भागामागून भाग गेले. आणि टेडच्या हाताखालचा कोच नेट? दुसऱ्या सीझनच्या शेवटी टेडने लावलेली 'बिलीव्ह'ची पाटी फाडून वेस्ट हॅम या दुसऱ्या क्लबला गेलेला हा माणूस तिथली नोकरी सोडतो, तो क्षण पडद्यावर येतच नाही. आपल्याला नंतर बातमी कळते. ज्या भांडणासाठी लोक वर्ष-दीड वर्ष थांबले, ते कॅमेऱ्यामागे मिटलं. बाजू कुठलीही असो, या एका मुद्द्यावर आमच्या टेबलावरही क्षणभर शांतता पसरते आणि मला दोन घास खाता येतात.

दुसऱ्या सीझनवरचा 'भरताड' हा आरोप मात्र अर्धाच खरा. मूळ बेत दहा भागांचा होता, बारा मागितले गेले. म्हणून नाताळचा भाग आणि टेडचा सहायक असलेल्या कोच बिअर्डच्या रात्रभर भटकण्याचा भाग, हे दोन सुटे भाग नंतर घातले गेले. मुख्य कथेशी त्यांचा फारसा संबंध नाही, कारण तो ठेवलाच नव्हता. हे सांगितलं की बिअर्डचे भक्त माझ्यावरच धावून येतात.

गोल्फ क्लब मैदानावर रोज फेऱ्या मारून येणारे एक काका शेवटी पाव मोडत विचारतात, "फुटबॉलची मालिका ना रे? मग फुटबॉल कुठंय?" सगळे हसतात. पण काकांनी नेमकं ठेवणीतलं काढलेलं असतं. पहिल्या सीझनमध्येही फुटबॉल फार नव्हता, पण जेवढा होता त्याला किंमत होती. मँचेस्टर सिटीशी नुसती बरोबरी झाली असती तरी रिचमंड वाचला असता. शेवटी सिटीकडून खेळणाऱ्या जेमी टार्टच्या पासवर गोल झाला आणि संघ खालच्या लीगमध्ये गेला. एक पास आणि त्यावर पुढचा अख्खा सीझन उभा.

काका गेले की कुणीतरी 'फ्रायडे नाइट लाइट्स' काढतो. त्या अमेरिकन फुटबॉलच्या मालिकेने दुसऱ्या सीझनमध्ये एका सरळमार्गी पोराच्या हातून चक्क खून करवला. लेखकांचा संप आला, सीझन १५ भागांवर थांबला आणि तिसऱ्यात त्या खुनाचं नावही कुणी घेतलं नाही. मालिका सावरली. म्हणजे घसरलेली गाडी रुळावर येते, पण आधी लेखकांनी संपावर जावं लागतं, असा निष्कर्ष आमच्या टेबलावर निघतो.

मार्च २०२५ मध्ये 'टेड लासो'च्या चौथ्या सीझनची घोषणा झाली. टेड आता महिलांच्या संघाचा कोच. बातमी आली तेव्हा एक फ्रेमही कुणी पाहिली नव्हती, पण पहिला चहा यायच्या आत आमच्याकडे तो घसरलेला होता.