दोष सगळा उष्णतेचाच का?

लॅक्टेज हे दुधातली साखर फोडणारे विकर (एन्झाइम) कायटोसानच्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या) सूक्ष्मकणांत स्प्रे ड्रायिंगने, म्हणजे द्रावण गरम हवेत फवारून वाळवत, कोंडण्यावरचा लेख वाचला. पद्धत त्यात नेटकी मांडली आहे; मात्र आत सोडलेली हवा १६० अंश सेल्सिअसची असल्यामुळेच विकर निकामी होते, हे विधान अपुरे वाटते. थेंब ओला असेपर्यंत बाष्पीभवनामुळे त्याचे तापमान साधारण ४० ते ५० अंशांच्या आसपासच राहते. खरा धोका बाहेर कवच धरून पाणी संपत आल्यावर सुरू होतो, कारण तेव्हा कण बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानाकडे सरकतो. ते तापमान लेखात कुठेच दिलेले नाही.

दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. कायटोसान विरघळवायला सौम्य आम्ल लागते, तर क्लुइव्हेरोमायसिस लॅक्टिस या यीस्टपासून मिळणारे लॅक्टेज सामू (pH, आम्लतेचे माप) ६.५ ते ७ च्या दरम्यानच धड काम करते. म्हणजे ड्रायरपर्यंत पोचण्याआधी, मिश्रणाच्या भांड्यातच, निम्मे काम बिघडलेले असू शकते. ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीचे लॅक्टेज आम्लात बरेच तग धरते, तेव्हा नेमके कोणते वापरले हे सांगायला हवे होते. यीस्टचे वापरायचे असेल, तर कायटोसानऐवजी उदासीन सामूला विरघळणारा अरबी डिंक आणि जोडीला वाळताना विकराला जपणारी ट्रेहॅलोज ही साखर बरी. भुकटी पांढरीशुभ्र आणि मोकळी दिसते, एवढ्यावर भाळू नये. फवारणीपूर्वीच्या द्रावणातील विकराची सक्रियताही मोजावी.