‘आलम आरा’ पुण्याच्या आगीत जळालेला नाही

१४ मार्च, म्हणजे ‘आलम आरा’च्या प्रदर्शनाचा दिवस, जवळ आला की एक संदेश न चुकता फोनवर येतो. यंदा तो मला तीन गटांतून आला, त्यातला एक तर आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरसाठी काढलेला गट. मजकूर साधारण असा : पहिला बोलपट ‘आलम आरा’ काढणारे अर्देशर इराणी हे नशीबवान गृहस्थ, लॉटरी लागली म्हणून सिनेमात आले. या एका चित्रपटावर ते अजरामर झाले. पृथ्वीराज कपूर त्याचे नायक. पुढे पहिला रंगीत चित्रपटही इराणींनीच दिग्दर्शित केला. आणि या अनमोल ठेव्याची शेवटची प्रत २००३ साली पुण्याच्या फिल्म अर्काइव्हला लागलेल्या आगीत खाक झाली. खाली रडका चेहरा आणि ‘पुढे पाठवा’.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तीच थाप सगळ्यात जास्त खपते. वर्तमानपत्रांतही ती छापून आलेली आहे.

आग लागली हे खरं. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, नायट्रेट फिल्म ठेवलेल्या गोदामाला ती लागली आणि जुनी रिळं मोठ्या संख्येनं गेली. त्या नुकसानाबद्दल हळहळावं तेवढं थोडंच. पण जळायला वस्तू तिथे असावी लागते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, म्हणजे संदेशातलं ‘फिल्म अर्काइव्ह’, स्थापन झालं १९६४ साली, ‘आलम आरा’ प्रदर्शित झाल्यानंतर ३३ वर्षांनी. आणि संग्रहालयाकडे ‘आलम आरा’ची प्रत कधी आलीच नाही. हे मी म्हणत नाही, पी. के. नायर यांनी स्वतः सांगितलेलं आहे. संग्रहालय ज्यांनी जवळजवळ हातानं उभं केलं, नाशिकला जाऊन फाळक्यांची रिळं मिळवली, त्या माणसाला आपल्या कपाटात काय होतं आणि काय नव्हतं हे माहीत नसणार का?

नायर ‘आलम आरा’ शोधत खुद्द इराणींपर्यंत पोचले होते. इराणी तेव्हा थकलेले होते (१९६९ मध्ये ते गेले). एखाद-दोन रिळं कुठेतरी पडलेली असतील, असा म्हाताऱ्याचा समज होता. मुलाकडून नायरांना कळलं ते वेगळंच : उरलेली तीन रिळं त्यातली चांदी काढून कधीच निकालात निघाली होती.

चांदी काढून म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण संदेश पुढे ढकलणाऱ्यांना बहुधा हे ठाऊकच नसतं. कृष्णधवल फिल्मवर जे चित्र दिसतं ते चांदीच्या कणांचं असतं. थिएटरांतून फिरून फिरून प्रत ओरखड्यांनी भरली, मागणी संपली, की मालकाच्या लेखी तिची किंमत भंगाराएवढी. मग रीळ रसायनात बुडवायचं, वरचा थर धुऊन काढायचा आणि त्यातून चांदी मिळवायची. खाली उरलेली पारदर्शक पट्टीही वाया जात नसे. तिच्या बांगड्या व्हायच्या, बायकांच्या पर्स व्हायच्या. १९३०-४० च्या दशकांतली कोणाची आजी कुठल्या चित्रपटाचा प्रवेश मनगटावर मिरवत होती, देव जाणे. त्यात नायट्रेट फिल्म म्हणजे घरात ठेवलेला बाँबच. एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही, कारण जळताना लागणारा प्राणवायू तिच्यातूनच सुटतो. नाही पेटली तरी वर्षानुवर्षांत चिकट होते, मग तिची भुकटी होते. स्टुडिओवाल्यांना ती घालवण्याचीच घाई असायची.

तेव्हा पुण्याच्या आगीवर हे खापर फोडू नका. आगीत गेला म्हटलं की दैवाचा घाला ठरतो आणि कोणालाच जाब द्यावा लागत नाही. चांदीसाठी गेला म्हटलं की प्रश्न आपल्या धंद्याचा आणि आपल्या बेफिकिरीचा होतो.

आता नायक. पृथ्वीराज कपूर चित्रपटात होते, पण नायक नव्हते. नायक होता मास्टर विठ्ठल, आपला मराठी गडी, मूकपटांतल्या मारामाऱ्यांचा बादशहा. शारदा स्टुडिओशी केलेला करार मोडून तो इराणींकडे आला, प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना. खटला जिंकला. पण बोलपटात बोलावं लागतं, आणि विठ्ठलची हिंदुस्थानी काही धड नव्हती. त्यामुळे त्याला बराच वेळ गुंगीत असलेला दाखवण्याची युक्ती काढली गेली, असं सांगतात. सोबत नायिका झुबेदा. पुढे पृथ्वीराज मोठे झाले, त्यांच्या घराण्याचं नाव झालं, म्हणून पोस्टरवरची जागा त्यांना मागच्या तारखेनं बहाल करण्यात अर्थ नाही.

‘नशीब आणि एकच सिनेमा’ हा आरोप मला सर्वांत जास्त खुपतो. लॉटरीची गोष्ट खरी धरली तरी ती विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. तिकीट लागलं आणि दुसऱ्या दिवशी ‘आलम आरा’ झाला असं नाही. १८८६ साली पुण्यात जन्मलेला हा माणूस आधी वाद्यं आणि फोनोग्राफ यांच्या धंद्यात होता. मग परदेशी चित्रपटांचं वितरण, मग अब्दुलअली युसुफअली यांच्याबरोबर थिएटरं चालवणं. १९२२ साली स्टार फिल्म कंपनी, पुढे मॅजेस्टिक, रॉयल आणि १९२६ साली इंपीरियल. मूकपटांतली तारका रूबी मायर्स हिला सुलोचना म्हणून घराघरात पोचवणारी कंपनी ती हीच. मूकपटांची एवढी मोठी फळी मागे असताना १९३१ उजाडलं.

आणि त्या वर्षी नशिबानं नेमकं काय दिलं? रेल्वेचे रूळ. स्टुडिओ मुंबईत केनेडी ब्रिजजवळ, शेजारून गाड्यांची ये-जा. माइक खडखडाटही तितक्याच इमानानं टिपणार. म्हणून बरंचसं चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्या की. टॅनर या ध्वनिमुद्रण यंत्रणेत चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर उमटायचे, त्यामुळे नंतर आवाज दुरुस्त करायची सोयच नाही. पार्श्वगायन अजून जन्मायचं होतं. नट गाणार, तबला-पेटीवाले चौकटीच्या बाहेर दडून बसणार, माइक कुठेतरी लपवलेला, आणि एकजण खोकला की सगळं पहिल्यापासून. ‘दे दे खुदा के नाम पे प्यारे’ वझीर महंमद खान असेच गायले. यंत्रं लावायला आलेला अमेरिकन तंत्रज्ञ विल्फर्ड डेमिंग दिवसाला शंभर रुपये घ्यायचा. ते परवडेना, म्हणून इराणी आणि रुस्तम भरुचा त्याच्याकडून काम शिकले आणि ध्वनिमुद्रण स्वतःच केलं. निर्माता, दिग्दर्शक आणि वर ध्वनिमुद्रकही. मॅजेस्टिक थिएटरात चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना काळ्या बाजारात गेलं आणि गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, ते त्यानंतर.

‘एकच सिनेमा’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी थोडं. त्याच १९३१ मध्ये इंपीरियलनं ‘कालिदास’ काढला. तमिळचा पहिला बोलपट म्हणून त्याचं नाव घेतात, दिग्दर्शक एच. एम. रेड्डी. १९३३ मध्ये ‘दोख्तर-ए-लोर’, फारसी भाषेतला पहिला बोलपट. तोही मुंबईत झाला, लेखक-नट अब्दुलहुसेन सेपंता यांच्यासोबत, दिग्दर्शन इराणींचं. इराणमध्ये सिनेमाचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला आपल्या केनेडी ब्रिजपर्यंत यावंच लागतं.

रंगीत चित्रपटाचं थोडक्यात आटोपतो. ‘किसान कन्या’ (१९३७) इराणींनी काढला, दिग्दर्शित केला मोती गिडवाणी यांनी, लेखनात सआदत हसन मंटो. आणि ‘पहिला’ म्हणताना ‘इथेच प्रक्रिया केलेला’ हे शब्द जोडायचे. कारण प्रभातची ‘सैरंध्री’ १९३३ सालची, फक्त तिचं रंगकाम जर्मनीत झालं होतं.

हे सगळं मी टँकरच्या गटात लिहिलं. दहा मिनिटांत एका काकांनी दुवा पाठवला : ‘आलम आरा, पूर्ण चित्रपट’. ज्या काकांनी सकाळी तो जळाल्याचं कळवलं होतं, तेच. उघडून पाहिलं तर दिग्दर्शक नानुभाई वकील यांचा १९७३ चा ‘आलम आरा’. मूळ चित्रपटातल्या गाण्यांची तबकडीसुद्धा निघाली नव्हती, तेव्हा कुठेही ‘मूळ गाणं’ म्हणून काही ऐकू आलं तर ते नंतरचंच समजा. काकांना तसं कळवलं आहे. टँकर उद्या सकाळी सातला येणार आहे, असं त्यांचं उत्तर आलं.