तबकडी येईपर्यंत गच्ची मोकळी ठेवा

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत कुणी सौरऊर्जेचा विषय काढला की गडबडून जाऊ नका. सावकाश उभे राहा आणि म्हणा, "अमेरिकेने परग्रहावरची यानं, म्हणजे उडत्या तबकड्या, दडवून ठेवली आहेत. ती ज्या ऊर्जेवर उडतात ती आज ना उद्या जाहीर होणारच. मग आत्ता सोलरवर मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेला सिंकिंग फंड कशाला उडवायचा?"

पुरावा मागितला तर २६ जुलै २०२३ ही तारीख फेका. त्या दिवशी डेव्हिड ग्रुश या माजी गुप्तचर अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे शपथेवर तसं सांगितलं. यानं त्याने स्वतः पाहिलेली नव्हती, इतरांकडून ऐकलं होतं, एवढं बोलायची गरज नाही. मार्च २०२४ मध्ये पेंटागॉनच्या चौकशी कार्यालयाने परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा काहीही पुरावा नसल्याचा अहवाल दिला. लपवाछपवीला याहून मोठा पुरावा कोणता?

खजिनदार मात्र अवघड. तो कागद घेऊनच येतो. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या कॉमन मीटरवर ३० किलोवॅटचा प्लांट, ५४५ वॅटची ५५ पॅनल, जागा अंदाजे ३,००० चौरस फूट, दिवसाला सरासरी १२० युनिटच्या आसपास. वर पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेला किलोवॅटमागे १८,०००, म्हणजे ५ लाख ४० हजारांचं अनुदान. याच्याशी आकड्यांत भिडू नका, पावसाळा दाखवा. ठाण्यात जुलैचं उत्पादन एप्रिलच्या जवळजवळ निम्म्यावर येतं, हे खरंच आहे. जास्तीचे युनिट नेट मीटरमधून (आलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) पुढच्या बिलात वळते होतात हेही खरं, पण त्याला ते आठवेपर्यंत समोसे आलेले असतात.

तरीही ठराव झालाच, तर काम असं करून घ्या की दोन पावसाळ्यांत अख्खी बिल्डिंग तबकडीच्या बाजूने येईल. पॅनल पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला, अगदी लगटून बसवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, टाकीची सावली बरोब्बर पॅनलवर पडते आणि एका पॅनलमुळे त्याच्या मालिकेतली बाकीचीही मार खातात. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड उभा करतो म्हणणाऱ्याला घालवून द्या. थेट स्लॅबला भोकं पाडा. वॉटरप्रूफिंग फुटलं की सगळ्यात वरच्या मजल्याची मतं आपलीच. ऐरोली-वाशीच्या खाडीकाठी असाल तर जस्ताचा जाड थर दिलेला सांगाडा नको, साधं रंगवलेलं लोखंड घ्या, खारा वारा बाकीचं बघून घेईल. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत खोचा: वरून घट्ट दिसतात, आत संपर्क ढिला राहतो, मग तापतात आणि वितळतात. पॅनलकडची डीसी, इन्व्हर्टरपुढची एसी आणि आकाशातली वीज झेलणारा वीजरोधक या तिघांना अर्थिंगचा खड्डा वेगवेगळा नको, एकच. धुळीच्या घोडबंदर रोडला असाल तर विशेष काही करावं लागत नाही, फक्त पॅनल धुऊ नका. फारच आग्रह झाला तर भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारा.

आणि समजा, तबकडी खरोखरच आली. उतरू देण्याआधी वजन विचारा. वावर असलेली गच्ची साधारणपणे चौरस मीटरला १५० किलोच्या हिशेबाने बांधलेली असते, स्ट्रक्चरल इंजिनीअरचा दाखला लागेल. (सोलरला सहसा २५ किलोही पुरतात, हे खजिनदाराला कळू देऊ नका.) मग प्रश्न वायरिंगचा. इंजिन आकाशगंगा ओलांडणारं असो, लिफ्टची मोटर ४१५ व्होल्ट, तीन फेज आणि ५० हर्ट्झशिवाय हलत नाही. म्हणजे इन्व्हर्टर आला, नेट मीटर आला, महावितरणचा अर्ज आला. त्या अर्जावर सोसायटीचा मंजूर भार ३० किलोवॅट असेल तर विश्वाची सगळी ऊर्जासुद्धा ३० किलोवॅटमध्येच बसवावी लागेल. भार वाढवून मागितलात तर कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर आडवा येतो, आणि तो कोणत्याही अमेरिकी तळावर लपवलेला नाही.

शिवाय बाहेरची वीज गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो, कारण तेव्हा लाइनमन खांबावर चढलेला असू शकतो. हा नियम तबकडीलाही लागू. पायलट चिडणारच. त्याला समजावायला चेअरमनसाहेबांनाच पाठवा. फक्त त्या वेळी लिफ्ट बंद असणार, तेव्हा चौदा मजले चढायची तयारी त्यांनी आधीपासून ठेवावी.