‘चरणारी पिढी’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही वय ६४ असं आवर्जून लिहिलंय, म्हणून काका म्हणतोय.

तेहेतिसाव्या वर्षी मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला आणि त्याआधी सात महिने मूळव्याधीचेच उपचार चालले, हे मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेखाने भीती पसरते, शौचातून रक्त पडणाऱ्या बहुतेकांना मूळव्याधच असते, कोलोनोस्कोपीचा (दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासण्याचा) खर्च सगळ्यांना झेपत नाही, आणि एक साल चुकलंय. मग शेवटी हे वाक्य: “रोज रात्री सराफ्यात चरणाऱ्या पिढीने आतड्यांची तक्रार करू नये.”

सालाची चूक माझी. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी पन्नासऐवजी पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू करा, असं अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०१८ मध्येच सांगितलं होतं. मी २०२१ लिहिलं, ते तिथल्या दुसऱ्या तज्ज्ञगटाचं साल. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ते वाक्य. काका, चरतात ती गुरं. आजारी माणसाबद्दल हा शब्द लिहिताना तुमचा हात अडखळला नाही?

मी इंदूरच्या रामबागेत वाढलो. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात, तो सराफा मला लहानपणापासून माहीत आहे. पुण्याचे पाहुणे आले की त्यांना भुट्ट्याचा कीस खायला मीच नेतो, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. वर्षातून तीन-चारदा. एरवी सकाळी पोहे, दुपारी सांवेर रोडच्या कारखान्यात आईने दिलेला डबा. मांस आमच्या घरात शिजत नाही, दारू-सिगारेट मला नाही. निदान झाल्यापासून हा हिशोब मी इतक्यांना दिलाय की तोंडपाठ झालाय. गणपतीत आरतीला गेलो तर तिथेही पहिला प्रश्न, “काय खायचास रे?” आणि समजा, मी रोज रात्री सराफ्यात गेलो असतो. मग मी तक्रार करायची नाही? मुकाट्याने मरायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक ठरवलं. लठ्ठपणा, दारू, तंबाखू यांनी धोका वाढतो. काही घराण्यांत लिंच सिंड्रोम हा कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष असतो, माझ्या तपासणीत तो निघाला नाही. पण पन्नाशीच्या आतल्यांमध्ये हा आजार अनेक देशांत का वाढतोय, याचं एक नेमकं कारण अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही. चॅडविक बोसमन हा हॉलिवूडचा नट २०२० मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी याच आजाराने गेला. त्यालाही तुम्ही हेच सुनावलं असतं का? माझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, “काय खाल्लंस म्हणून झालं, हे शोधत बसू नकोस.” त्यांचं ऐकू की तुमचं?

तुमचं वाक्य लागलं त्याला कारण आहे. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा चार महिने मी घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की काय ऐकावं लागणार, हे पाठ होतं: बाहेरचं खाणं बंद कर. लाज वाटली. मग ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी तपासायच्या टेबलावर झोपवलंसुद्धा नाही. मलम, इसबगोल, तिखट बंद. सात महिने. हिमोग्लोबिन ७.४ वर आलं, दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा जिन्यात बसायचो, तेव्हा कुठे कोलोनोस्कोपी झाली. थर्ड स्टेज. पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या आतल्या छोट्या गाठीचा, कॅन्सर व्हायला सहसा कित्येक वर्षं लागतात, म्हणजे वेळ होता. तो माझ्या लाजेत आणि त्या मलमात गेला.

नंतर केमोथेरपी. ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध असतं, ते घेतल्यावर गार वस्तू सहन होत नाही. जानेवारीत सकाळी फाटकाच्या कुलपाला हात लावला की बोटांत सुया टोचल्यासारखं व्हायचं. आई माझा चमचासुद्धा कोमट पाण्यात बुडवून द्यायची. पाणी घशाखाली उतरताना काच गिळल्यासारखं वाटायचं, म्हणून ती रात्रभर थर्मास उशाशी ठेवायची. तिने तुमची प्रतिक्रिया वाचली, काका. मला म्हणाली, “मी तुला काय वाईट खायला घातलं रे?” याचं उत्तर तुम्ही द्या.

भीतीबद्दल एवढंच: रक्त म्हणजे कॅन्सर, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. रक्त पडत असेल, शौचाची सवय अचानक बदलली असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, तर वय तीस असलं तरी नीट तपासून घ्या, असं लिहिलंय. त्यावरून हलणार नाही. खर्चाचा मुद्दा वेगळा आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तेवढा एक शब्द तुम्ही स्वतः बदललात तर आईला दाखवीन.