अपेक्षा : ठिपक्यांच्या दोन ओळी

वधू-वर सूचक मंडळाच्या छापील अर्जात मुलीच्या उंचीपासून मामाच्या आडनावापर्यंत प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र रकाना असतो. रक्तगट, चष्मा, गोत्र, गण, नाडी आणि चरण यांचीही नीट सोय केलेली असते. मात्र ज्या माणसासोबत उरलेला जन्म काढायचा, त्याच्याविषयीच्या अपेक्षांसाठी तळाशी ठिपक्यांच्या जेमतेम दोन ओळी उरतात. तेवढ्यात जे मावते तेच सगळे लिहितात : अनुरूप, सुशिक्षित, निर्व्यसनी. व्यसनी आणि अननुरूप मुलगा हवा, असा अर्ज आजवर कोणी भरल्याचे ऐकिवात नाही. त्यामुळे या शब्दांच्या चाळणीतून नेमके कोण गाळले जाते, हे मंडळालाच ठाऊक.

माझे बाबा बँकेतून निवृत्त झालेले असल्याने त्यांनी या दोन ओळींवर विसंबून न राहता एक वही घातली आणि तिच्यात ‘आवश्यक’, ‘असल्यास उत्तम’ व ‘चालणार नाही’ असे तीन रकाने आखले. पुण्यातली नोकरी पहिल्यात गेली. आईला सासू-सासरे प्रेमळ हवे होते, पण शक्यतो दुसऱ्या इमारतीत. मी वाचनाची आवड सांगितली, तेव्हा बाबांनी पेन उचलून विचारले, “वर्तमानपत्र धरायचं का?”

पत्रिकेचे गणित त्या मानाने सरळ आहे. वर्णाला 1, वश्याला 2, तारेला 3, योनीला 4, ग्रहमैत्रीला 5, गणाला 6, राशिकूटाला 7 आणि नाडीला 8, असे मिळून 36 गुण होतात आणि 18 ला मनुष्य उत्तीर्ण होतो. मंगळाचे मात्र कडक आहे. 12 स्थानांपैकी 1, 4, 7, 8 किंवा 12 यांपैकी कुठेही तो बसला की पत्रिका मंगळाची ठरते. म्हणजे दर पाच जणांत सुमारे दोघे या एका ग्रहापायी अडकायचे. सगोत्र विवाहावरचा कायद्याचा अडसर 1946 साली दूर झाला, पण ती बातमी माझ्या मावशीपर्यंत अद्याप पोचलेली नाही. या 36 गुणांत समोरच्याचे बोलणे ऐकून घेण्याला अर्धाही गुण नाही, ही माझी त्या शास्त्राविषयीची मुख्य तक्रार आहे.

अर्थात पत्रिकेचा खरा उपयोग जुळवण्यापेक्षा नाकारण्यासाठी होतो, असे माझे मत झाले आहे. मुलाचे पोट, मुलीचा पगार, सासूबाईंचा आवाज यांपैकी काहीही खटकले तरी फोनवर ‘पत्रिका जुळत नाही’ एवढेच सांगायचे असते आणि पलीकडच्यांनीही दोष ग्रहांवर घालून सुटायचे असते. इतका सभ्य नकार मला दुसरा माहीत नाही.

म्हणूनच ते स्थळ अवघड गेले. मुलगा पुण्यातलाच, निर्व्यसनी, आईवडील शेजारच्या इमारतीत. बाबांच्या वहीतला पहिला रकाना पूर्ण भरला आणि दुसऱ्यातही बऱ्याच खुणा झाल्या. आम्ही दोघे कॉफी प्यायला गेलो, तेव्हा माझे प्रत्येक वाक्य तो पुरे करू लागला आणि दर वेळी चुकीचे पुरे करू लागला. “मला सुट्टीत...” असे मी म्हणताच तो म्हणाला, “गोवा!” मला सुट्टीत झोपायला आवडते. “माझ्या आईला...” “मधुमेह? माझ्याही!” आईला नाटकांचे वेड आहे, हे सांगायचे राहूनच गेले. बिल येईपर्यंत मी ट्रेकिंग करणारी, कुत्री पाळू इच्छिणारी आणि तिखट न खाणारी मुलगी झाले होते, आणि त्याला ती मुलगी मनापासून आवडली होती.

घरी येऊन मी नकार सांगितला, तेव्हा आई हवालदिल झाली, कारण 29 गुण जुळत असल्याचे मुलाकडच्यांनीच संगणकावर काढून पाठवले होते आणि नाडीसुद्धा वेगळी निघाली होती. ग्रहांनी असा दगा दिल्यावर तिने शेवटी ‘मुलीचा अजून दोन वर्षे लग्नाचा विचार नाही’ असे कळवून टाकले. ही वार्ता मंडळाच्या बाईंपर्यंत लगेच गेली. आता एखादे उत्तम स्थळ आले की त्या आवर्जून फोन करतात आणि ‘अगदी तुमच्या मुलीसारखंच होतं हो, पण तुम्ही थांबणार म्हणून दुसरीकडे दिलं’ असे हळहळून सांगतात.

बाबांनी मात्र नोंद तत्काळ केली. ‘चालणार नाही’ या रकान्यात ‘वाक्ये पुरी करणारा’ असे सुवाच्य अक्षरांत लिहून ते थोडे थांबले आणि मला म्हणाले, “पण बरोबर पुरी करणारा निघाला, तर त्याला ‘असल्यास उत्तम’मध्ये घेऊ ना?”