निर्यात बंद केली म्हणून वाचले? कोण वाचलं?

मामांचा फॉरवर्ड काल रात्री आला. मामा एरवी दोनदा वाचल्याशिवाय काही पुढे पाठवत नाहीत, म्हणून जास्त चिडचिड झाली. त्यात म्हटलंय: कोरोनात वैद्यकीय मालाचा जागतिक व्यापार ठप्प झाला, ज्यांनी निर्यात बंद केली तेच देश वाचले, तेव्हा पुढच्या साथीत पहिल्याच दिवशी सीमा बंद करा आणि सगळं घरीच बनवा.

ठप्प? जागतिक व्यापार संघटनेचा हिशोब बघा. २०२० मध्ये जगाचा एकूण मालव्यापार ७.६ टक्क्यांनी घटला, वैद्यकीय मालाचा मात्र १६ टक्क्यांनी वाढला. मास्क-हातमोज्यांसारखी संरक्षक साधनं तर ४७ टक्क्यांनी. यात भाववाढीचाही हात आहे, कबूल.

दुसरा दावा मात्र डोक्यात जातो. त्याच संघटनेने एप्रिल २०२० मध्ये मोजलं, तेव्हा ८० देशांनी आणि सीमाशुल्क प्रदेशांनी निर्यातीवर बंधनं घातली होती. मग ८० ठिकाणी तुटवडा संपायला हवा होता ना? झालं उलटंच. जो तो आपलं दार लावून शेजाऱ्याच्या दारात रांगेत उभा. जर्मनीने मार्चमध्ये निर्यात रोखली आणि स्वित्झर्लंडला निघालेला मास्कचा ट्रक वाटेत अडकला. अमेरिकेचं प्रकरण तर याहून मजेशीर. कॅनडा आणि लॅटिन अमेरिकेला मास्क पाठवू नका, असं सरकारने थ्रीएम कंपनीला सांगितलं. कंपनीने उघड बजावलं, की इतर देशही मग तेच करतील आणि अमेरिकेत येणारे मास्कच कमी होतील. काही दिवसांत तडजोड झाली: कॅनडाचा पुरवठा चालू राहिला आणि थ्रीएमने तीन महिन्यांत १६ कोटी ६५ लाख मास्क अमेरिकेत आणायचं ठरवलं. कुठून? मुख्यतः चीनमधल्या स्वतःच्या कारखान्यातून!

राहिला तिसरा. साथीआधी जगातले निम्मे मास्क एकट्या चीनमध्ये बनत, हे धोक्याचंच होतं. साठा ठेवा, दुसरा-तिसरा पुरवठादार शोधा, कोण नाही म्हणतंय? पण ‘सगळं घरीच’? फायझरच्या लशीला २८० घटक लागत, १९ देशांतल्या ८६ पुरवठादारांकडून आलेले. मामा, सीमा पहिल्याच दिवशी बंद झाल्यावर ते कुठून आणायचे, तेवढं ज्याने तुम्हाला हे पाठवलं त्याला विचारून सांगा.